परसदार : मल्च, डंप ट्रेलर आणि तुमचे प्रश्न

एप्रिल उजाडला की या सदराची पेटी मल्चच्या, म्हणजे झाडांभोवती मातीवर पसरायच्या लाकूड-सालीच्या आच्छादनाच्या, प्रश्नांनी भरते, हे आता ठरलेलंच आहे. यंदा मात्र कुठला मल्च टाकू हे कमी, आणू कसा हेच जास्त. डिलिव्हरीचे पैसे वाचवायला बरीच मंडळी डंप ट्रेलर (बेड, म्हणजे मालाचा हौदा, पंपाने उचलून माल मागे ओतणारा) भाड्याने घ्यायच्या, नाहीतर मित्राचा मागून आणायच्या विचारात दिसतात. म्हणून अख्खा भाग त्यालाच देऊन टाकला. आधीच एक सांगतो, गाडी ओढेल का हे तुम्ही सगळे विचारता, पण ट्रेलर रिकामा कुठे आणि कसा करणार हे कोणी विचारत नाही, आणि खरे घोळ तिथेच होतात. रस्त्यावर माणूस घाबरून हळू चालवतो हो, घरी पोचलं की मात्र सगळे बिनधास्त.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : काका नमस्कार, मागच्या वर्षी घर घेतलं, पुढे-मागे मिळून साधारण ८०० स्क्वेअर फूट फुलझाडांचे बेड आहेत. आधीच्या मालकाने टाकलेला मल्च फिका पडलाय. पिशव्या किती लागतील याचा हिशोबच लागत नाहीये. ऑफिसमधला एक जण म्हणाला ७ बाय १४ चा डंप ट्रेलर भाड्याने घे, एका फेरीत काम होईल. माझी सात सीटर एसयूव्ही आहे, टोइंग ५,००० पाउंड लिहिलंय. मल्च हलकाच असतो ना?

उत्तर : आधी किती लागेल ते बघू, कारण लोक इथेच दुप्पट मागवून बसतात. मल्च विकणाऱ्या यार्डात (वखारीत) सुटा मल्च क्युबिक यार्डाच्या मापाने मिळतो, एक यार्ड म्हणजे २७ घनफूट. आपल्याकडे वाळू-खडीचा ब्रास १०० घनफुटांचा, म्हणजे एका ब्रासात ३.७ यार्ड. एक यार्ड मल्च १ इंच जाडीने पसरला तर ३२४ स्क्वेअर फूट झाकतो, २ इंचाने १६२ आणि ३ इंचाने १०८. तुमच्या ८०० फुटांना कोरी जमीन असती तर ३ इंचाने साडेसात यार्ड लागले असते. पण तुमच्याकडे जुना आहे. दोन-चार ठिकाणी हाताने उकरून बघा, खाली दीड-दोन इंच शिल्लक असेल तर वरून इंचभर पुरे, म्हणजे अडीच यार्ड. जुना-नवा मिळून ३ इंचावर जाऊ देऊ नका. पिशवी साधारण २ घनफुटांची येते, यार्डाला साडेतेरा पिशव्या, अडीच यार्डाला चौतीसेक. म्हणजे ट्रेलरचा प्रश्नच कदाचित निकालात निघाला.

तरी वजनाचं सांगतो, कारण "मल्च हलकाच असतो ना" हे प्रत्येक दुसऱ्या पत्रात आहे. हलका असतो, कोरडा असेल तर. कोरडा मल्च यार्डाला ४०० ते ६०० पाउंड भरतो, तोच दोन दिवस पावसात बसला की ८०० ते १,००० वर जातो, आणि यार्डातला ढीग एप्रिलमध्ये कोरडा सापडणं म्हणजे नशीबच. बरं, मल्च हलका धरला तरी ट्रेलर हलका नसतो ना. ७ बाय १४ चा, दोन एक्सलचा (चाकांच्या दोन आसांचा), दोन फूट बाजू असलेला डंप ट्रेलर रिकामाच ४,००० पाउंडांच्या पुढे असतो, कारण त्याच्या पोटात हायड्रॉलिक पंप, सिलिंडर, बॅटरी आणि जाड पत्रा असतो. तुमच्या ५,००० मधले चार तर रिकाम्या ट्रेलरनेच खाल्ले. त्या ५,००० च्या आकड्यात गाडीत बसलेली माणसं आणि सामान किती धरलंय हे सुद्धा मॅन्युअल उघडून बघा, बऱ्याच एसयूव्हींमध्ये पाच-सहा माणसं बसवली की टोइंग कमी होतं.

दुसरं म्हणजे टंग वेट, ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या हिचवर (मागच्या जोडणीवर) जे वजन टाकतो ते. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन पुढे हिचवर यायला पाहिजे. कमी आलं तर हायवेवर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि तो डोलायला लागल्यावर ब्रेक दाबणं ही सगळ्यात वाईट गोष्ट, गॅसवरून (ॲक्सिलरेटरवरून) पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ट्रेलरच्या ब्रेकला वेगळं बटण असेल तर ते हळू दाबायचं. म्हणून यार्डात लोडरवाल्याला सांगायचं की पहिली बकेट एक्सलच्या पुढे टाक. तो घाईत असतो, त्याच्यामागे दहा ट्रक उभे असतात, तो सरळ मागच्या बाजूने ओतून मोकळा होतो. तुम्ही सांगितल्याशिवाय तो बघणार नाही.

तुम्हाला ट्रेलरच हवा असेल तर ५ बाय ८ किंवा ६ बाय १० चा छोटा बघा, त्यात अडीच-तीन यार्ड आरामात मावतात. तरीसुद्धा ६ बाय १० चा रिकामा अडीच हजार पाउंडांच्या आसपास असतो, त्यात तीन यार्ड ओला मल्च म्हणजे साडेपाच हजार, गेलात ना ५,००० च्या वर. एवढ्या वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात, त्याला गाडीत ब्रेक कंट्रोलर आणि सात पिनचं सॉकेट लागतं आणि तुमच्या गाडीला बहुतेक चार पिनचंच असणार, त्यात फक्त लाइट पेटतात. खरं सांगू का, अडीच यार्डासाठी यार्डवाल्याकडूनच डिलिव्हरी घ्या. पैसे वाचवायच्या नादात ट्रान्समिशनला चटका बसला तर दहा वर्षांच्या मल्चचे पैसे गेले.

आणि हो, त्याच ट्रेलरमध्ये पुढच्या महिन्यात माती नाहीतर खडी आणायचा विचार आला तर हा हिशोब विसरा. टॉपसॉइल यार्डाला २,००० पाउंडांच्या वर, खडी त्याहून जड. डोळ्यांना अर्धा रिकामा दिसणारा ट्रेलर ओव्हरलोड असू शकतो. मल्च भरताना जागा आधी संपते, खडी भरताना वजन आधी संपतं.

प्रश्न (शार्लट, नॉर्थ कॅरोलिना) : दादा, मित्राचा ६ बाय १२ चा डंप ट्रेलर आणि त्याचाच पिकअप घेऊन पाइन बार्क (पाइनच्या सालीचा मल्च) आणला. रात्रभर ट्रेलरमध्येच राहिला, पहाटे पाऊस झाला. सकाळी ड्राइव्हवेवर उतरवायला गेलो तर ट्रेलरचा बेड पूर्ण वर गेला पण अर्धा माल पुढच्या बाजूला चिकटून तसाच, आणि मग ट्रेलर कुरकुरायला लागला, पिकअपचं मागचं टोक उचललं गेल्यासारखं वाटलं. बायको म्हणाली खाली घे. खाली घेतला आणि शेवटी फावड्याने काढला. आमचा ड्राइव्हवे उताराचा आहे. पुढच्या वेळी काय करू?

उत्तर : वहिनींनी बरोबर सांगितलं, आणि तुम्ही ऐकलंत. हे पत्र वाचून मला हायसं वाटलं, कारण अशा वेळी बरेच जण पिकअप पुढे-मागे झटके देऊन माल सोडवायला जातात. बेड वर असताना झटका द्यायचा नाही, कधीच नाही. वर उचललेल्या बेडचं सगळं वजन बिजागरी आणि सिलिंडरवर असतं, त्यात झटका बसला की बिजागरी वाकते, नाहीतर ट्रेलर आडवा होतो.

काय झालं ते समजून घ्या. बेड उचलला की माल मागे सरकायला पाहिजे. पाइन बार्क ओला झाला, रात्रभर दबून बसला, त्याचे तुकडे एकमेकांत अडकले आणि पुढच्या पत्र्याला चिकटले. मागचा अर्धा मात्र सरकून दारापाशी गोळा झाला. आता एक्सलच्या मागे वजन जास्त झालं, म्हणून ट्रेलरचा दांडा वर जायला बघतो आणि पिकअपचं मागचं टोक घेऊन उठतो. तुम्हाला जे वाटलं ते खरंच होत होतं. पिकअप जोडलेला होता म्हणून निभावलं. काही लोक "गाडी खराब व्हायला नको" म्हणून ट्रेलर सोडून ठेवतात आणि मग डंप करतात, त्यांचा ट्रेलर शेपटीवर बसलेला मी बघितलाय. डंप करताना ट्रेलर गाडीला जोडलेलाच पाहिजे, गाडीच्या हिचच्या बॉलवर ट्रेलरचा कपलर लॉक, पिन घातलेली, साखळ्या दांड्याखाली कातरीसारख्या आडव्या. काही ट्रेलरना मागच्या बाजूला खाली टेकवायचे जॅक असतात, असतील तर डंपच्या आधी टेकवायचे आणि निघताना उचलायचे, उचलायला लोक विसरतात.

आता उतार. पुढे-मागे थोडा उतार एकवेळ चालतो, पण डावी-उजवी बाजू खाली-वर असेल तर तिथे बेड उचलायचाच नाही. बेड ४५ अंशांवर गेला की सगळा बोजा उंच जातो, त्यात एका बाजूचा माल चिकटून राहिला आणि दुसरा सरकला तर ट्रेलर त्या बाजूला कलंडतो. ट्रेलरच्या मागच्या बंपरवर एक लेव्हल ठेवून बघा, फोनमध्ये पण असते. ड्राइव्हवे आडवा उताराचा असेल तर गल्लीच्या कडेला सपाट जागा बघा, नाहीतर गवतावर, पण गवतावर दोन गोष्टी. एक, पावसानंतर एका बाजूची चाकं खचतात आणि आडवा उतार तिथल्या तिथे तयार होतो. दोन, सेप्टिकवाल्या घरांनी ड्रेन फील्डवर (सेप्टिक टाकीचं पाणी जिरवायच्या जागेवर) ट्रेलर नेऊ नये, खालचे पाइप दबतात, शार्लटच्या बाहेरच्या बाजूला सेप्टिकची घरं बरीच आहेत म्हणून सांगतो.

वर बघा. हे मी प्रत्येक वेळी लिहितो आणि लिहीत राहणार. १२ फुटांचा बेड पूर्ण उचलला की त्याचं पुढचं टोक जमिनीपासून बारा फुटांच्या आसपास जातं, १४ फुटी असेल तर त्याहून वर. खांबावरून घराकडे येणारी विजेची तार बरोबर ड्राइव्हवेवरूनच येते ना. तारेपासून कमीत कमी १० फूट अंतर पाहिजे, कमी वाटलं तर तिथे उचलू नका, जागा बदला. आणि देव न करो तार लागलीच तर गाडीत बसलेल्याने गाडीतच बसून राहायचं, ९११ लावायचा, बाहेरच्यांनी जवळ यायचं नाही. गाडीला आग लागली तरच बाहेर, तेही गाडीला आणि जमिनीला एकाच वेळी हात-पाय न लावता, दोन्ही पाय जुळवून उडी मारायची आणि पाय न उचलता घासत लांब जायचं. झाडाची फांदी, बास्केटबॉलची रिंग, गॅरेजचं उघडलेलं दार, हे पण बघा, पण तारेचं पहिलं.

मग क्रम असा. दार आधी उघडायचं, बेड खाली असताना. मल्चला कपाटासारखी दोन बाजूंना उघडणारी बार्न डोअर बरी, ती पूर्ण मागे फिरवून बाजूच्या हुकांना अडकवायची. वरून बिजागरी असलेलं स्प्रेडर गेट खडीसाठी ठीक, मल्च त्यात अडकून बसतो. दाराच्या मागे माणूस उभा नको, पोरं तर अंगणातच नको, त्यांना हा प्रकार बघायला फार आवडतो, त्यांना खिडकीतून बघू दे. मग रिमोटचं वरचं बटण दाबून बेड एक तृतीयांश उचला आणि थांबा. मागचा माल पडू दे. पिकअप अगदी हळू दोन-तीन फूट पुढे घ्या, म्हणजे पडलेल्या ढिगाने दार अडत नाही. पुन्हा थोडा उचला, पुन्हा थांबा. एकदम टोकापर्यंत उचलला की सगळा माल एकदम येतो किंवा अजिबात येत नाही, दोन्ही वाईट.

चिकटलाच तर बेड पूर्ण खाली घ्या आणि मग पुढचा माल काट्याने सैल करा, दहा दात्यांचा मल्च फोर्क मिळतो तो फावड्यापेक्षा शंभर पट बरा, फावडं तुकड्यांत घुसतच नाही. मग पुन्हा उचला. उचललेल्या बेडखाली डोकं, हात, काही नाही. पंपाचा पाइप फुटला की बेड सेकंदात खाली येतो. खाली काम करायची वेळ आलीच, म्हणजे ग्रीस वगैरे, तर बेड रिकामा पाहिजे आणि सेफ्टी प्रॉप, म्हणजे तो लोखंडी टेकू, लावलेला पाहिजे, तो बहुतेक डंप ट्रेलरना फ्रेमवर असतो.

बॅटरीचं एक. पंप १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि गाडीच्या वायरमधून ती चार्ज होते ती अगदी थेंब-थेंब. आदल्या रात्री चार्जर लावा. अर्ध्यात बॅटरी बसली तर बेड हवेत लटकतो आणि तुम्ही शेजाऱ्याकडे जंपर केबल मागत फिरता.

आणि मूळ चूक ओल्या पाइन बार्कची नाही, रात्रभर ठेवण्याची आहे. संध्याकाळी भरायचाच नाही. सकाळी भरा, झाका, आणा, ओता. झाकायला जाळीची ताडपत्री येते, हवा जाते आणि माल उडत नाही. न झाकता नेलात तर मागच्याच्या काचेवर बार्कचे तुकडे जातात आणि पोलीस पकडतो ते वेगळंच.

प्रश्न (नेपरव्हिल, इलिनॉय) : डिलिव्हरीच घेतली, काळा डाय केलेला मल्च, ड्राइव्हवेवर ओतायला सांगितला. चार दिवसांनी ढीग संपला तर खाली काँक्रीटवर मोठा काळा डाग. एचओएची (घरमालकांच्या सोसायटीची) चिठ्ठी आली. डाग जाईल का?

उत्तर : बराचसा जाईल. काळ्या मल्चमध्ये रंग असतो तो बहुतेक कार्बन ब्लॅक, लालमध्ये आयर्न ऑक्साइड. ताजा रंगवलेला मल्च पूर्ण वाळायच्या आत ओला झाला की रंग सोडतो, वाळला की मग फारसा सोडत नाही. आता कपडे धुवायची पावडर आणि कडक ब्रश, दोन-तीनदा, आणि मग प्रेशर वॉशर, पण काँक्रीट नवं असेल तर नॉझल लांबून, नाहीतर वरचा थर निघतो. उरलेलं ऊन खाईल. ते धुतलेलं पाणी रस्त्याच्या स्टॉर्म ड्रेनमध्ये (पावसाच्या पाण्याच्या गटारात) सोडू नका, गवतात वळवा.

पुढच्या वेळी ट्रकवाला येण्याआधी खाली मोठी ताडपत्री आणि तिच्या चार कोपऱ्यांवर विटा, वाऱ्याने उलटी होते म्हणून. ताडपत्री ड्राइव्हवेच्या एका कडेला, गाडी निघायला जागा सोडून, फुटपाथ मोकळा, आणि गटाराच्या तोंडापासून लांब. ट्रकवाला तुम्ही सांगाल तिथेच ओततो, तुम्ही घरी नसाल तर त्याला सोयीचं तिथे ओततो आणि ते त्याचं काही चुकत नाही. ऑफिसला जाणार असाल तर खडूने ड्राइव्हवेवर मोठी फुली मारून ठेवा आणि यार्डात फोन करून सांगा, हे जमतं.

प्रश्न (फ्रिस्को, टेक्सस) : काका, ढिगातून सकाळी वाफा निघत होत्या, व्हिनेगरसारखा वास. तरीही पसरला. दोन दिवसांत पेटुनिया आणि होस्टाची पानं भाजल्यासारखी पिवळी-पांढरी. मल्च विषारी आहे का?

उत्तर : वाफेचं काही नाही, ढीग आतून कुजतो तेव्हा गरम होतोच, शेणखताचा ढीग कधी उकरला असेल तर माहीत असेलच. वास मात्र खरा इशारा होता. यार्डात दहा-पंधरा फुटांचा ढीग फार दिवस न हलवता पडला की आत हवा पोचत नाही आणि मग ॲसेटिक ॲसिड, मिथेनॉल, अमोनिया असलं तयार होतं. त्याला आंबलेला मल्च म्हणतात. तो झाडाच्या बुंध्याला पसरला की ती वाफ खालून पानांना लागते, कोवळी आणि बुटकी झाडं आधी भाजतात. चांगल्या मल्चला ओल्या मातीचा किंवा ताज्या लाकडाचा वास येतो. व्हिनेगर, अमोनिया किंवा सडक्या अंड्याचा वास आला तर घ्यायचाच नाही, आणि डिलिव्हरीत आलाच तर दोन-तीन दिवस पातळ पसरून ठेवायचा, भरपूर पाणी मारायचं, मग वापरायचा.

तुमच्या झाडांजवळचा मल्च लगेच ओढून बाजूला घ्या, मुळांना भरपूर पाणी द्या. होस्टाला नवी पानं फुटतील, पेटुनियाचं काही खरं नाही. यार्डात ट्रेलर घेऊन स्वतः गेलात तर हा एक फायदा नक्की, भरायच्या आधी मूठभर हातात घेऊन नाकाशी धरता येतो. लोडरवाला हसेल, हसू दे.

प्रश्न (फ्रेमिंगहॅम, मॅसॅच्युसेट्स) : आमच्या काँडोत आम्ही काही जण मिळून ट्रेलरने मल्च आणणार होतो. एक आजोबा म्हणतात मल्चमधून वाळवी येते, लुइझियानाचा मल्च देशभर पाठवतात. दुसरे म्हणतात भिंतीला लावून टाकायला कायद्याने बंदी आहे. खरं काय?

उत्तर : वाळवीची ती गोष्ट २००६ ची. २००५ मध्ये कॅटरिना वादळात लुइझियानात झाडं पडली, तिथे फॉर्मोसन वाळवी आहे, आणि दुसऱ्या वर्षी एक ईमेल फिरला की त्या झाडांचा मल्च देशभर स्वस्तात विकला जातोय. लुइझियानाने असं लाकूड बाहेर न्यायला क्वारंटाइन लावलेलं होतं आणि तिथल्या शेतकी तज्ज्ञांनी ती अफवा असल्याचं तेव्हाच सांगितलं. शिवाय लाकूड चिपरमधून निघाल्यावर वाळवीची वसाहत टिकणं अवघड. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हेच मेसेज अजून फिरतात, नवीन तारीख टाकून. मल्च वाळवी आणत नाही, पण भिंतीला टेकवून जाड थर दिलात तर ओल धरून ठेवतो आणि असलेल्या वाळवीला लपून भिंतीत शिरायला सोय होते. म्हणून पायाचं काँक्रीट सहा इंच तरी उघडं दिसू दे.

कायद्याचं दुसरे आजोबा बरोबर आहेत. मॅसॅच्युसेट्सच्या अग्निनियमात ज्वलनशील बाह्य भिंतीपासून १८ इंचांच्या आत नवा मल्च टाकायला मनाई आहे. सहा घरांपर्यंतच्या निवासी इमारतींना यातून सूट आहे. तुमच्या इमारतीत किती घरं आहेत ते मोजा. बंदीचं कारण साधं आहे, उन्हाळ्यात सुकलेल्या मल्चमध्ये सिगरेटचं थोटूक पडलं की धुमसत भिंतीपर्यंत जातं. त्या १८ इंचांत गोल खडी घाला. पण ती खडी मल्चच्याच ट्रेलरमध्ये, त्याच उंचीपर्यंत भरू नका, वर एडिसनवाल्यांना सांगितलंय तेच.

सगळे मिळून आणणार आहात तर अजून एक. ट्रेलर मोठा आणि पिकअप मोठा असा जोड झाला की लायसन्सचं बघा. ट्रेलरची कमाल वजनमर्यादा १०,००० पाउंडांच्या वर आणि दोन्हींच्या पाटीवरच्या मर्यादांची बेरीज २६,००१ किंवा जास्त असेल तर व्यावसायिक कामाला सीडीएल (व्यावसायिक वाहनाचं लायसन्स) लागतं. घरगुती कामाला राज्याराज्यांत सवलती आहेत, पण त्या गृहीत धरून निघू नका, आरएमव्हीला (तुमच्या राज्याच्या वाहन-परवाना खात्याला) विचारा. ब्रेकअवे स्विचची केबल गाडीच्या फ्रेमला अडकवा, साखळीला नाही. ट्रेलर सुटला तर ती ओढली जाऊन ट्रेलरचे ब्रेक लागले पाहिजेत, साखळीला अडकवली तर उपयोग काय.

प्रश्न (फ्रेमाँट, कॅलिफोर्निया) : तुमचं सदर मी तासगावला भावाला फोनवर वाचून दाखवतो. त्याची द्राक्षबाग आहे, ट्रॅक्टर आहे, जॅकची ट्रॉली आहे. शेजारच्या उसातलं पाचट आणून बागेत अंथरायचं म्हणतो. तिकडे हे सगळं कसं लागू होतं?

उत्तर : भावाला नमस्कार सांगा. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर पाणी कमी असताना वेलींच्या ओळीत पाचट अंथरलं की ओल टिकते, त्याचा विचार चांगलाच आहे. पण पाचटाचं आणि इकडच्या मल्चचं उतरवणं वेगळं. पाचट लांब आणि गुंतणारं, जॅकने ट्रॉली कितीही उचला, ते एकसंध गादी होऊन अडकतं आणि आकड्याने ओढावंच लागतं. त्यापेक्षा जवळपास बेलरवाला असेल तर गाठी करून घ्या, हाताने उचलून ओळीत ठेवता येतात आणि ट्रॉलीत माल दामटून बसतो. भुसा, शेणखत, मळी असलं काही आणायचं असेल तेव्हा जॅकचा खरा उपयोग.

दोन गोष्टी मात्र त्याला नक्की सांगा. शेतातून गेलेल्या महावितरणच्या तारा उन्हाळ्यात खाली झोळ घेतात, पाचटाची ट्रॉली आधीच उंच भरलेली असते, तिच्या वर माणूस बसलेला असतो दोर धरून. ट्रॉली भरून निघायच्या आधी वाटेतल्या तारा बघून यायचं, ट्रॉलीवर माणूस बसवायचा नाही आणि जॅक तारेखाली उचलायचा नाही. दुसरं, एका एक्सलच्या ट्रॉलीत पुढे माल जास्त झाला की ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात, चढाला स्टिअरिंग लागत नाही. मागे जास्त झाला तर जॅक उचलल्यावर हुकाला वरचा झटका बसतो. आणि बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, तेव्हा उताराला आधीच खालच्या गिअरमध्ये. मागे लाल रिफ्लेक्टर लावायला सांगा, संध्याकाळी अंधारात रस्त्यावर उभी ट्रॉली मोटरसायकलवाल्याला दिसत नाही.

शेजाऱ्याच्या उसाचा खोडवा ठेवायचा असेल तर पाचटाची त्यालाच गरज आहे हेही भावाने आधी विचारून घ्यावं, नाहीतर उगाच दोन घरांत वाद.

प्रश्न (व्हँकुव्हर) : छोटासाच प्रश्न. कोको बीन मल्च, चॉकलेटचा वास येणारा, पिशव्यांमध्ये मिळतोय. आमच्याकडे लॅब्रेडॉर आहे.

उत्तर : घेऊ नका. कोकोच्या टरफलांत थिओब्रोमीन असतं, चॉकलेटमध्ये असतं तेच, कुत्र्यांना विषारी, आणि लॅब्रेडॉर वास आला की खाणारच. साधा सीडर किंवा हेमलॉक बार्क घ्या, वास तोही छान येतो.